न तपासलेलं पाणी

बावन्न वर्षांची झाली, डोक्यावरचे निम्मे केस पांढरे झाले, तरी घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. मोठी ती ताई आणि ही धाकटी. मधलं कोणी नव्हतंच. धाकटी शहराच्या पाणीपुरवठा केंद्रात, तिथल्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं नोकरीला होती. शहराला जाणारं पाणी दर दोन तासांनी बाटलीत भरायचं, त्यात काय किती आहे ते मोजायचं, वहीत लिहायचं आणि खाली सही करायची, हे तिचं काम. एखाद्या दिवशी यंत्र रुसलं की हाताखालचा मदतनीस म्हणायचा, "बाई, कालचाच आकडा टाकू का? पाणी काय एका दिवसात बदलतंय?" त्यावर ती नुसतं मान वर करून बघायची. तेवढ्यानेच तो मुकाट्याने नव्याने बाटली भरायला जायचा.

नात्यागोत्यात तिचा मान याच नोकरीमुळे. कुणाच्या बादलीला पांढरा थर बसला, कुणाचे केस गळायला लागले, कुणाच्या चहाला चव येईना, की फोन धाकटीला. सुरुवातीला ती चार प्रश्न विचारून, पुस्तक उघडून उत्तर द्यायची. पुढे पुढे उत्तरं पाठ झाली. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत ती उपाय सांगून मोकळी व्हायची, आणि लोक म्हणायचे, हिला नुसतं ऐकून कळतं. ते तिच्या कानांना गोड लागायचं. खोटं कशाला बोला?

ताईचे यजमान, म्हणजे धाकटीचे भावोजी, शिंपी होते. साधे शिंपी नव्हेत, कोटाचे. चाळीस वर्षं त्यांनी कोट बेतले आणि शिवले. मापाच्या बाबतीत इतका काटेकोर माणूस की गिऱ्हाइकाने "अंदाजाने घ्या हो" म्हटलं तर त्याला दुसऱ्या दुकानाची वाट दाखवायचे. मग त्यांचे हात थरथरायला लागले. आधी थोडे, नंतर सुईत दोरा ओवता येईना इतके. एका सकाळी त्यांनी दुकानाची किल्ली भागीदाराच्या हातात दिली आणि घरी येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. सहा महिने बसूनच होते. ताई सांगायची, "बोलत नाहीत, रागावत नाहीत, नुसते भिंतीकडे बघतात. भिंतसुद्धा कंटाळली असेल."

शेवटी समोरचं बिऱ्हाड घर सोडून चाललं होतं, त्यांचा चार फुटी फिशटँक ताईने मागून आणला. रिकामाच होता, एका कोपऱ्यात वरच्या काठाचा टवका उडालेला. भावोजींनी दोन दिवस त्याच्याकडे पाठ केली. तिसऱ्या दिवशी उठून त्यांनी टेप काढली आणि त्याची लांबी, रुंदी, उंची मोजून भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवली. ताईने तेव्हाच ओळखलं, गडी उठला.

त्याला आठ वर्षं झाली होती. आता त्या टँकमध्ये हिरवं रानच उभं होतं. मागच्या बाजूला कमरेएवढ्या गवतासारखी लांब पाती, मधे लाकडाच्या ओंडक्यावर रुजवलेलं शेवाळ, पुढे नखाएवढ्या पानांची गादी. त्यातून निळी रेघ अंगावर असलेले पंचवीस-तीस इवले मासे एकदम वळायचे. बोटाच्या पेराएवढे लाल झिंगे होते. आणि तळाशी मिशीवाला एक म्हातारा मासा, सगळ्यांत जुना, दिवसभर जमीन हुंगत फिरायचा. त्याचं नाव मुकादम. भावोजी लांब चिमट्याने एकेक काडी वाळूत खोवायचे. उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने धरून. म्हणायचे, "हवेत हात थरथरतो, पाण्यात नाही. पाणी धरतं त्याला."

त्या टँकसाठी पाणी ते गल्लीच्या टोकाच्या लाँड्रीतून आणायचे. तिथल्या आवारात जुनी विहीर होती. दर शनिवारी चाकाच्या गाडीवर मोठा कॅन लादून ते जायचे, तीन खेपा करायचे आणि तीन जिने चढवायचे. आठ वर्षं हे चाललं. मग गुडघ्याने दगा दिला. डॉक्टरांनी ओझं बंद करायला सांगितलं.

एका रविवारी धाकटी जेवायला गेली होती. भावोजींनी तिच्यासमोर तीन बाटल्या मांडल्या. एकीवर चिकटपट्टी लावून लिहिलं होतं 'विहीर', दुसरीवर 'नळ', तिसरीवर 'फिल्टर'. पट्टीचे तिन्ही तुकडे अगदी एका मापाचे. नळाला तर पाणी चोवीस तास होतं, आणि स्वयंपाकघरात प्यायच्या पाण्याचा मोठा फिल्टरही होता. यातलं कुठलं चालेल, की दोन मिसळावी लागतील, हे त्यांना विचारायचं होतं.

"मी कुणाचं ऐकत नाही," ते म्हणाले. "दुकानवाला सांगतो नळ, शेजारी सांगतात फिल्टर, तो जास्त शुद्ध म्हणे. पण मेहुणीबाई, तू मोजून सांगशील. मला माप पाहिजे."

धाकटी हसली आणि बाटल्या पिशवीत टाकल्या. आठवडाभरात कागद देते म्हणाली.

बाटल्या प्रयोगशाळेत आल्या आणि बेसिनखालच्या कपाटात गेल्या. त्या आठवड्यात वरच्या कार्यालयाची तपासणी होती. पुढच्या आठवड्यात एक यंत्र दुरुस्तीला गेलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात मात्र तसं काहीच नव्हतं. वेळ होता, यंत्र होतं, रसायनं होती. पण कपाट उघडायचा कंटाळा आला. सारी गंमतच तर आहे, तिला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा खेळ. एकोणिसाव्या दिवशी ताईचा फोन आला. गुडघा सुजला आहे, तरी काल पाणी आणायला निघाले होते, तुझ्या कागदाची वाट बघून राहिलेत, आज देतेस का? धाकटी म्हणाली, झालंच आहे, नुसतं उतरवायचं राहिलंय.

पाच वाजायला दहा मिनिटं होती. तिने कार्यालयाचा कोरा कागद घेतला, तीन रकाने आखले आणि आकडे लिहिले. मनानेच. फार लांबचे नव्हेत. सव्वीस वर्षांत कुठल्या पाण्याचं काय निघतं याचा तिला अंदाज होता. विहिरीचं पाणी तिने जरा जास्त जड, म्हणजे क्षारांचं दाखवलं, फिल्टरचं अगदीच हलकं, आणि नळाचं मधलं, छान. खाली लिहिलं: 'नळाचे पाणी सर्वांत योग्य. एक दिवस उघडे ठेवून वापरावे. आठवड्यास निम्मे बदलण्यास हरकत नाही.' सही केली. मग काय वाटलं कोण जाणे, टेबलावरचा प्रयोगशाळेचा शिक्का उचलून सहीशेजारी उमटवला. भावोजींना बरं वाटेल म्हणून.

भावोजींना बरं वाटलंच. त्यांनी कागदावरून इस्त्री फिरवली, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि टँकच्या शेजारी खिळ्याला अडकवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. "आमच्या मेहुणीबाईंनी तपासून दिलंय. शिक्क्यासकट." धाकटीने तो तिथे लटकलेला पाहिला तेव्हा तिला कसंसंच झालं. पण क्षणभरच. पाणी शहर पितं, मासे का नाही पिणार?

पहिल्या शनिवारी त्यांनी सावधपणे थोडंच पाणी बदललं. काही झालं नाही. दुसऱ्या शनिवारी कागदात लिहिल्याप्रमाणे निम्मं बदललं. सोमवारी सकाळी अकरा वाजता ताईचा फोन प्रयोगशाळेत आला. मोबाइलवर नाही, कार्यालयाच्या फोनवर. तिचा आवाज बसला होता. एवढंच म्हणाली, "तू ये गं. हे उठतच नाहीत तिथून."

धाकटी पोहोचली तेव्हा भावोजी टँकसमोर स्टुलावर बसले होते. मांडीवर पांढरं कापड, कोटाच्या अस्तराचं. त्यावर निळ्या रेघेचे मासे ओळीने ठेवलेले. रेघ गेली होती, सगळे एकसारखे राखाडी. झिंगे आदल्या दिवशीच गेले, ताईने सांगितलं. टँकमध्ये अजून पाचसहा मासे होते, ते पाण्याच्या वरच्या काठाला तोंड लावून भराभरा श्वास घेत होते. मुकादम तळाला आडवा पडला होता. त्याचे कल्ले हलत होते, पण फार लांबलांब वेळाने.

"कसं घातलं पाणी?" धाकटीने विचारलं.

"तू लिहिलंस तसंच," भावोजी म्हणाले. "एक दिवस उघडं ठेवलं, पूर्ण चोवीस तास. निम्मं बदललं. टेप लावून मोजून."

त्याच क्षणी तिला कळलं. डोक्यात कुणीतरी दिवा लावावा तसं. दोन वर्षांपूर्वीच केंद्राने क्लोरीन बंद करून क्लोरामाइन सुरू केलं होतं. शहर लांबवर पसरलं, शेवटच्या घरापर्यंत क्लोरीन टिकेना, म्हणून त्यात अमोनिया मिसळून केलेलं हे टिकाऊ औषध. माणसांना त्याचं काही नाही. पण क्लोरीन बादलीत दिवसभर उघडा राहिला की उडून जातो. हे उडत नाही, तसंच्या तसं राहतं, आणि माशांच्या कल्ल्यांना जाळतं. त्याची मात्रा ती रोज वहीत लिहीत होती. रोज खाली सही करत होती. आणि कागदावर तिने लिहिलं काय, तर पाठ झालेलं जुनं उत्तर. नळाची ती बाटली नुसती उघडून तपासणीच्या रसायनाचे चार थेंब टाकले असते तरी रंग बदलून पाण्यानेच सांगितलं असतं.

तिने तोंड उघडलं. तेवढ्यात ताई दारातून म्हणाली, "माझ्यामुळेच झालं. शनिवारी मी वरचं झाकण पुसलं. फरशी पुसायचं औषध होतं त्या फडक्याला. माझ्या लक्षातच आलं नाही."

भावोजींनी मान वळवली. "मी तुला सांगितलं होतं. सतरा वेळा सांगितलं होतं, इथे फडकं लावू नकोस."

"हो हो, सांगितलं होतं." ताई पदराशी चाळा करत होती. मग तिने धाकटीकडे बघितलं. "होतं का गं त्याने? एवढ्याशा औषधाने?"

दोघंही तिच्याकडे बघत होते. एक बायको, एक नवरा, आणि मधे ती, शहराच्या पाण्याची जाणकार. खरं बोलायला एकच क्षण लागतो, आणि तो क्षण तिच्या हातात होता.

"असू शकतं," धाकटी म्हणाली.

एवढंच म्हणाली.  भावोजींना हात देऊन उठवलं, लाँड्रीतून दोन कॅन पाणी स्वतः आणलं आणि टँकमध्ये घातलं. मुकादम दुपारी गेला. पाचसहा मासे कसेबसे तगले.

त्या दोन शब्दांनी त्या घराचं काय केलं, ते तिने पुढचे सात आठवडे पाहिलं. ताई आता त्या खोलीत जायची ती हात धुऊन, रिकाम्या हातांनी. खोलीतली धूळसुद्धा भावोजीच पुसायचे, थरथरत्या हातांनी, अर्धी राहून जायची. ते ताईला बोलले नाहीत काही. ओरडणारा माणूसच नव्हता तो. पण कुणी विचारलं की म्हणायचे, "घरातल्या घरातच झालं," आणि ताई उठून आत जायची. पूर्वी ती टँकसमोर बसून भाजी निवडायची, नवऱ्याला चिडवायची, "माझ्यापेक्षा त्या मुकादमाची जास्त विचारपूस होते." आता स्वयंपाकघरातच बसायची. फोनवर एकदा म्हणाली, "अगं, मला झोप येईना झालीय. माझ्या हातून जीव गेले ना." धाकटीने तिची समजूत घातली. अगदी प्रेमाने घातली. ठेवल्यावर फोनकडे बघत राहिली आणि तिला आपलीच शिसारी आली.

सांगायचं तर होतंच. रोज सकाळी ठरवायची, संध्याकाळी पुढे ढकलायची. मग मनाने पळवाटाही काढून ठेवल्या. सांगावं की केंद्राने अचानक औषध बदललं, मलाही उशिरा कळवलं. कुणी पडताळून पाहणार नव्हतं. किंवा सांगावं की आकडे बरोबर होते, पण लिहिताना चूक झाली. दोन्ही गोष्टी तिने मनात इतक्यांदा म्हणून पाहिल्या की खऱ्या वाटायला लागल्या.

एका गुरुवारी दुपारी प्रयोगशाळेत काम कमी होतं. तिने बेसिनखालचं कपाट उघडलं. तिन्ही बाटल्या तिथेच होत्या. तिने त्या टेबलावर घेतल्या. घरच्या नळाचं ताजं पाणीही सोबत आणलं होतं; जुन्या बाटलीतलं औषध एव्हाना उतरलं असणार, आणि ताईचं घर तिच्याच जलवाहिनीवर होतं. मग एकेक चाचणी नीट केली, वहीत करायची तशी, दोनदोनदा. मदतनीस जवळून जाता जाता म्हणाला, "बाई, हे कुठलं? नोंद नाही याची." ती म्हणाली, "घरचं आहे." तो म्हणाला, "मग काय, चालतंय की थोडं मागेपुढे." तिने पुढची बाटली उघडली.

पावणेचार वाजता तिच्यासमोर खरे आकडे होते. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन, रोज वहीत असतं तेवढंच. विहिरीच्या पाण्यात क्लोरीनचा अंश नाही, जडपणा अगदी बेताचा, आणि नायट्रेट थोडं जास्त, जे माणसाला नको पण झाडांना खतासारखं. फिल्टरच्या पाण्यात काहीच नाही, ना औषध ना क्षार. नुसतं त्याच्यावर झाडं उपाशी मरतील आणि मासेही कुपोषित होतील. पण विहिरीच्या दोन भागांत फिल्टरचा एक भाग मिसळला तर चाललं असतं. म्हणजे तीन कॅनांत एक कॅन घरातच भरता आला असता. आठ वर्षं तो माणूस बरोबर पाणी आणत होता. आणि गुडघ्याचा भार तिसऱ्या हिश्श्याने हलका करायचा उपाय कागद लिहिण्याआधीचे जवळजवळ तीन आठवडे तिच्या पायाशी कपाटात पडून होता.

त्या शनिवारी ती ताईकडे गेली. जाताना पळवाटांपैकी पहिली पक्की केली होती: केंद्राने उशिरा कळवलं. भावोजी बाहेर गेले होते, थोड्या वेळात येणार होते. ताईने चहा टाकला. पातेल्याकडे बघत, धाकटीकडे पाठ करून तिने विचारलं, "तुला माहीत असेल म्हणून विचारते. ते जातात तेव्हा गुदमरतात का गं? की पटकन होतं?"

धाकटीने तिची पाठ बघितली. लहानपणी धाकटी शाळेत पडली की याच पाठीवर बसून घरी यायची. पक्की केलेली गोष्ट तिने सोडून दिली.

"ताई, तू मारले नाहीस," ती म्हणाली. "फडक्याचा काही संबंध नाही. माझ्यामुळे गेले."

ताई वळली. धाकटीने सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, ओट्याला धरून. बाटल्या उघडल्याच नाहीत. आकडे मनाने लिहिले. शिक्का मारला. औषध दोन वर्षांपूर्वीच बदललंय, मला ते रोज माहीत होतं. त्या सोमवारी मला लगेच कळलं होतं. लगेच. बोलताना तिला वाटलं की सांगून टाकलं की हलकं वाटेल. नाही वाटलं. उलट प्रत्येक वाक्यासरशी ती आणखी लहान होत गेली. बाहेर दार वाजलं होतं, भावोजी आत आले होते आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ऐकत होते, हे तिच्या शेवटी लक्षात आलं.

पातेल्यातला चहा उतू गेला. कुणी गॅस बंद केला नाही. शेवटी भावोजींनीच पुढे होऊन केला.

"ते आकडे मग आले कुठून?" त्यांनी विचारलं.

"मनाने लिहिले, भावोजी."

 भावोजी बाहेर गेले, खिळ्यावरून तो कागद काढून आणला, प्लास्टिकमधून बाहेर काढला आणि घडी न घालता तिच्या हातात ठेवला. मग म्हणाले, "कोट माझ्याकडून बिघडला तर मी गिऱ्हाइकाला सांगायचो. कापड वाया गेलंय, माझं चुकलंय. कधी लाज वाटली नाही सांगायला. लाज वाटायची ती कापताना लक्ष नव्हतं याची." बोलता बोलता ते थांबले आणि ताईकडे वळले. "आणि मी तुला..."  हात फार थरथरत होते. ताईने ते धरले नाहीत. 

मग ती धाकटीकडे आली.

"मासे गेले ते गेले," ताई म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "काम टाळलंस, तेही समजू शकते. माणूस टाळतो. पण मी तुला तोंडावर विचारलं होतं. होतं का गं त्याने, असं विचारलं होतं. आणि तू मला म्हणालीस, असू शकतं."

 धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, तसं धाकटीला झालं. ताई म्हणाली, आता जा. ती गेली. तीन जिने उतरताना हातातला शिक्क्याचा कागद लपवावा कुठे, तेही तिला सुचेना.

सोमवारी तिने केंद्राच्या मुख्य रसायनज्ञांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, घरगुती कागद आहे, फाडून टाका, कशाला वाढवताय. तिने तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि सोबत लेखी अर्ज दिला: चाचणी न करता प्रयोगशाळेचा शिक्का वापरला. मग त्यांनाही इलाज राहिला नाही. तिला लेखी ताकीद मिळाली, एक महिना सहीचा अधिकार काढून घेतला गेला. ताकीद टाइप करणाऱ्या बाईने वाचली, म्हणजे जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या केंद्राला कळलं. तो महिनाभर वहीत सही मदतनीस करत होता. यंत्र दोनदा रुसलं. दोन्ही वेळा तो कालचा आकडा टाकू का असं विचारायला आला नाही. स्वतःच जाऊन नवीन पाणी भरून आणलं. तिच्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही, आणि ते बघणं टाळणंच तिला सगळ्यांत जास्त लागलं.

अर्जात तिने आणखी एक मागणी लिहिली होती. डायलिसिसच्या यंत्रांना चालत नाही म्हणून दवाखान्यांना पाण्यातलं औषध बदलल्याचं केंद्राने तेव्हाच कळवलं होतं, पण मासे पाळणाऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं. महिन्याभराने केंद्राच्या फाटकाबाहेरच्या फलकावर सूचना लागली: नळाचं पाणी उघडं ठेवून माशांसाठी वापरू नये, क्लोरामाइन उडून जात नाही, ते घालवणारं औषध दुकानात मिळतं ते मोजून टाकावं. मसुदा तिचा होता. त्यातला प्रत्येक आकडा तिने तीनदा तपासला होता.

आणि शनिवारी सकाळी ती लाँड्रीत जायची. दोन खेपांत दोन कॅन भरून, गाडी ओढत, तीन जिने चढवून ताईच्या दारात ठेवायची. तिसरा कॅन घरातल्या फिल्टरखाली भावोजी भरून ठेवायचे. पहिल्या शनिवारी ताईने दार उघडलं, कॅन बघितले आणि आत निघून गेली. दुसऱ्या शनिवारीही तसंच. भावोजी मात्र बोलायचे, बेताने, पाण्यापुरतं. किती जडपणा, किती भाग, किती वेळाने. आता ते तिचा आकडा ऐकून घ्यायचे आणि मग दुकानातून आणलेल्या कागदी पट्ट्यांनी स्वतः पडताळून बघायचे. तिच्यासमोर. लपवून नव्हे. ती बाजूला उभी राहायची आणि पट्टीचा रंग बदलेपर्यंत, तिचा आकडा खरा निघेपर्यंत तिच्या कानशिलांना घाम फुटायचा. सव्वीस वर्षांत तिची अशी परीक्षा कुणी घेतली नव्हती. घ्यायला हवी होती, असं तिला वाटायचं.

टँक हळूहळू सावरला. सडलेली पाती कापून टाकली, नवी फुटली. भावोजींनी निळ्या रेघेचे मासे पुन्हा आणले, या वेळी बाराच. झिंगे आणले नाहीत. आणि तळाशी फिरणारा दुसरा कुणी मासा आणायचा विषय कुणी काढला नाही.

चौथ्या महिन्यातल्या एका शनिवारी धाकटी दुसरी खेप आणायला खाली उतरत होती. मागून चपलांचा आवाज आला. ताई रिकामा कॅन घेऊन येत होती. दोघी गल्लीतून लाँड्रीपर्यंत चालत गेल्या. विहिरीवर धाकटीने कॅन भरला, ताईने झाकण घट्ट केलं. परत येताना निम्म्या वाटेत ताई थांबली, दम लागला म्हणून, आणि गाडीला टेकून उभी राहिली.

"मला अजून राग आहे तुझा," ती म्हणाली.

"हो," धाकटी म्हणाली.

"जाईल की नाही माहीत नाही मला."

"हो."

ताईने कपाळावरचा घाम पुसला. समोरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला, त्याला वाट द्यायला दोघींनी गाडी बाजूला घेतली. मग ताईने गाडीच्या दांड्याची एक बाजू धरली, दुसरी धाकटीने धरली, आणि त्या घराकडे निघाल्या. चढावर ताईने एकदा म्हटलं, जरा तिरकी धर, माझ्या बाजूला ओझं येतंय. धाकटीने तिरकी धरली.